अभय दोघांनाही

सोलापुरातील पांजरापोळ चौकाचे नाव मुक्या, निराधार जीवांच्या सांभाळाची जुनी परंपरा सांगते. त्याच भावनेने आज काही कुटुंबे प्राणिमित्र संस्थेकडून बेवारस कुत्रा घरी आणतात. पण तो मुलांवर धावून जाऊ लागला, तर काय करावे?

अशा आक्रमकतेच्या मुळाशी बहुधा भीती, वेदना किंवा अन्न हिरावले जाण्याची धास्ती असते. म्हणून प्रथम पशुवैद्याकडून तपासणी व रेबीजची लस करून घ्यावी आणि त्याला काही आठवडे शांत, स्वतंत्र जागा द्यावी. कोणास चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्वरित रुग्णालय गाठावे.

तरीही धोका टळत नसेल, तर त्याला संस्थेकडे परत सोपवण्यात कमीपणा नाही. मात्र तो कोणाला, केव्हा, कशामुळे चावला, याचा खरा हिशेब द्यावा. लपवलेली नोंद पुढच्या घराच्या माथी बसते. उपाशी मरण्यासाठी रस्त्यावर सोडणे हा १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. दिवसभर साखळीने जखडणे हाही उपाय नव्हे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ येतोच. कुटुंबाला अभय आणि त्या जीवालाही अभय, तेव्हाच जीवदया पूर्ण होते.