आजोबांच्या रेडिओवरचे दोन ठिपके

आमच्या गव्हाणच्या घरी आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर आहे. आजोबांना अक्षरओळख नव्हती. म्हणून काटा फिरतो त्या काचेवर त्यांनी आत्याच्या नखरंगाचे दोन ठिपके दिले होते. बीबीसीच्या हिंदी बातम्या पहाटे डाव्या ठिपक्यावर लागत, संध्याकाळी उजव्या. एकच केंद्र जागा का बदलते, असे विचारले की ते म्हणत, "हवा पालटते रं." मी कला शाखेचा, विज्ञान दहावीलाच सुटले. तरी कोडे मनातून जाईना, म्हणून वाचत गेलो.

लघुलहरी, म्हणजे 3 ते 30 मेगाहर्ट्‌झच्या लहरी, सरळ जातात आणि पृथ्वी तर गोल! त्यांना परत वळवते ते आयनांबर. सूर्यकिरणांनी उंचावरील हवेचे कण विद्युत्‌भारित होतात. 150 किलोमीटरच्या वरचा 'एफ' थर लहरीला खाली वाकवतो. एका उडीत ती सुमारे 4,000 किलोमीटर जाते. वारंवारता फार वाढवली तर लहर छत भेदून निघून जाते. फार कमी केली तर दिवसा 60 ते 90 किलोमीटरवरचा 'डी' थर तिला गिळतो. सूर्य मावळला की 'डी' थर नाहीसा होतो, 'एफ' मात्र पहाटेपर्यंत विरळ होत टिकतो. म्हणून पहाटे कमी वारंवारता, संध्याकाळी त्याहून जास्त. आजोबांचे ठिपके बरोबर होते! नियोजन करणारे छताच्या मर्यादेच्या 85 टक्क्यांवर काम करतात. कारण छत रोज थोडे हलते.

1927 साली इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा प्रक्षेपण खडकीहून आणि ग्रहण दौंडला होई. दिवसासाठी सुमारे 16 मीटरची लहर, रात्रीसाठी 34 मीटरची. अंतर सात हजार किलोमीटरहून अधिक, म्हणजे किमान दोन उड्या. खडकीत अंधार पडला तरी इंग्लंडात ऊन असे; तेव्हा आपले घड्याळ पाहून भागत नाही, लहर जिथे वळते तिथल्या आकाशात किती वाजले ते पाहावे लागते. मला यातली हीच गोष्ट सर्वांत आवडली.

त्यात सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र आणि चुंबकीय वादळे! अशा वादळांची नोंद आपल्याच जिल्ह्यात अलिबागच्या वेधशाळेत 1904 पासून होते. तिचा कारभार पाहणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था तर नवीन पनवेललाच आहे.

जानेवारी 2020 अखेर बीबीसी हिंदीचे लघुलहरींवरील प्रसारण थांबले. आजोबा सेट घेऊन दुरुस्तीला गेले. सेटला काहीच झाले नव्हते. मी तेव्हा शाळेत होतो. मलाही काही सांगता आले नाही. ठिपके अजून काचेवर आहेत.