मोठ्या आतड्याचा कर्करोग : तातडीची आणि नियोजित शस्त्रक्रिया

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर नियोजित शस्त्रक्रिया झाल्यानंतर ९० दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरांत दोनांच्या आसपास, तर तीच शस्त्रक्रिया तातडीने करावी लागल्यास दहांच्या घरात, असे इंग्लंड व वेल्समधील राष्ट्रीय पाहणीचे दप्तर सांगते. या तफावतीविषयीचे रूढ समज रुग्णाच्या जिवाशी निगडित असल्यामुळे त्यांची शहानिशा अगत्याची आहे.

गैरसमज : निदान होताच, त्याच दिवशी, गाठ काढलेली बरी.
वस्तुस्थिती : ही गाठ बहुधा साध्या पॉलिपपासून (आतड्याच्या अस्तरावरील कोंबापासून) अनेक वर्षांच्या अवधीत वाढत आलेली असते, म्हणून आतडे तुंबलेले वा फुटलेले नसेल, तर सीटी स्कॅनने रोगाचा प्रसार पाहण्यात, रक्तक्षय भरून काढण्यात आणि मधुमेह-हृदयविकारांचा बंदोबस्त करण्यात जे थोडे आठवडे जातात, ते उपचारातच जमा धरावे लागतात.

गैरसमज : तातडीत मृत्यू अधिक होतात ते सर्जनच्या घाईमुळे.
वस्तुस्थिती : गाठीने वाट अडली, की वरचे आतडे फुगते, ओकाऱ्यांनी शरीर शुष्क होते, आणि आतडे फुटलेच तर मळ उदरपोकळीत पसरून जंतुदोष रक्तात भिनतो, अशा अवस्थेत येणारा रुग्ण बहुशः वयस्क आणि त्याचा रोगही पुढे गेलेला, त्यामुळे निष्णात हातांनाही ही जोखीम सर्वस्वी टाळता येत नाही.

गैरसमज : तातडीची शस्त्रक्रिया म्हणजे हयातभर पोटावर मळाची पिशवी.
वस्तुस्थिती : उजव्या बाजूची गाठ काढल्यावर आतड्याची टोके पुष्कळदा तेव्हाच जोडतात. डाव्या बाजूस, आंरी हार्टमान या फ्रेंच शल्यविशारदाने १९२१ साली मांडलेल्या पद्धतीने, वरचे टोक पोटावर आणले, तरी प्रकृती सुधारल्यावर ते जोडता येते. मात्र वृद्ध व अशक्त रुग्णांत ही दुसरी शस्त्रक्रिया अनेकदा होत नाही, हेही आधी जाणून घ्यावे. काहींना प्रथम स्टेंट (जाळीदार नळी) बसवून वाट मोकळी करतात. ब्रिटनमधील ‘क्रेस्ट’ चाचणीत या मार्गाने पिशवीचे प्रमाण घटले, मृत्यूचे घटले नाही.

गैरसमज : तातडीची वेळ आली, म्हणजे आशा संपली.
वस्तुस्थिती : रोग अन्यत्र पसरलेला नसेल आणि गाठ भोवतालच्या लसिका ग्रंथींसह पूर्णपणे निघाली, तर तातडीतही रुग्ण बरा होऊ शकतो, म्हणून पोट फुगून वायू व शौच बंद झाल्यास शस्त्रक्रियेस संमती देण्यात कुटुंबीयांनी वेळ दवडू नये.

परंतु ती वेळच येऊ नये, हे बऱ्याच अंशी साध्य आहे : शौचातून रक्त पडणे, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, अकारण रक्तक्षय वा वजनातील घट, यांना परस्पर मूळव्याध वा अपचन न ठरवता डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.