राख, वारा आणि सिमेंट

सोलापुराच्या दक्षिणेस होटगी हें जंक्शन आहे. वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गास विजापूरचा फांटा येथेंच फुटतो. भोंवतालचा मुलूख ज्वारीचा. पूर्वी मळणी आटोपली म्हणजे शेतकरी वावडीवर चढे आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन हातांतील पाटी हलके हलके रिकामी करी. दाणा जड, तो जवळ पडे. भूस हलकें, तें दूर जाई. वारा पडला तर काम थांबे, आणि वारा माजला तर दाणाही भुसांत जाई. आज याच होटगीच्या परिसरांत दोन मोठे उद्योग उभे आहेत: एनटीपीसी या सरकारी कंपनीचें औष्णिक वीजकेंद्र, आणि अल्ट्राटेकचा सिमेंट दळण्याचा कारखाना. दोहोंच्या धंद्याचें मर्म उपणणीच्या मर्माहून निराळें नाहीं. वारा हवा तेवढाच आणि हवा तेथेंच वाहिला पाहिजे.

वीजकेंद्रांत प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. पहिला २०१७ सालीं व दुसरा २०१९ सालीं व्यापारी तत्त्वावर चालूं झाला. अशा केंद्रांत कोळसा ढेकळांनीं जाळीत नाहींत. त्याचें पीठ करून तें गरम हवेच्या झोताबरोबर भट्टींत सोडतात. आपल्या देशांतील कोळशांत राखेचा अंश फार; शेंकडा तीस ते चाळीस हें प्रमाण नेहमींचें. भट्टींतील उष्णतेनें या राखेचा बराच भाग वितळतो आणि धुराबरोबर जातां जातां थिजून त्याचे कांचेसारखे वाटोळे कण बनतात. हीच उडती राख.

मनुष्याचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. राखेचे बहुतेक कण त्याहून बारीक, आणि कांहीं तर एका मायक्रॉनच्या आसपास. १० मायक्रॉनचा कण निवांत हवेंत एक मीटर खालीं येण्यास सुमारें अडीच मिनिटें घेतो. एका मायक्रॉनच्या कणास साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. थोडा जरी वारा असला तरी तो खालीं येतच नाहीं म्हटलें तरी चालेल. असा कण नाकाला व घशाला न जुमानतां फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोंचतो. म्हणून राख वाऱ्याच्या हातीं पडूं न देणें, हें पहिलें काम.

त्यासाठीं धूर ओढून घेणारा पंखा असा चालवितात कीं भट्टींतील दाब बाहेरच्या हवेपेक्षां किंचित् कमी राहावा. मग एखादी फट राहिलीच तर बाहेरची हवा आंत शिरते, आंतली राख बाहेर येत नाहीं. चुलीपुढें फुंकणी घेऊन बसलेल्या गृहिणींना हें निराळें सांगावयास नको. फुंकलेला वारा धूर डोळ्यांत आणतो; धुराड्यानें ओढलेला वारा तो बाहेर नेतो. पुढें हा धूर उंच पत्र्यांच्या रांगांमधून जातो. मधल्या तारांवर हजारों व्होल्टचा दाब असतो. त्यानें कणांवर विद्युत्भार चढतो आणि ते पत्र्यांना चिकटतात. मग पत्र्यांवर ठोके देऊन राख खालीं पाडतात. अमेरिकेंतील फ्रेडरिक कॉट्रेल यानें या युक्तीचें पेटंट १९०८ सालीं मिळविलें. चांगल्या यंत्रांत शेंकडा ९९ हून अधिक राख अडते. पण धूर सर्व रांगांतून सारख्या मंद गतीनें गेला तरच. एका बाजूनें तो धांवत सुटला तर तेथील कणांना चिकटण्यास वेळच मिळत नाहीं. याकरितां तोंडाशीं भोंकांचे पत्रे बसवून झोत विभागावा लागतो.

अशी धरलेली राख टाकाऊ नव्हे. रोमन लोक नेपल्सजवळची ज्वालामुखीची राख चुन्यांत मिसळीत. आपल्याकडे घाणींत चुना मळतांना विटांची सुरकी घालीत. तत्त्व एकच. सिमेंटांत पाणी पडलें कीं चिवट बंध तयार होतो, पण त्याबरोबर थोडा मोकळा चुनाही सुटतो. हा चुना दुबळा. पाणी झिरपलें कीं विरघळून निघून जातो आणि मागें छिद्रें ठेवतो. राखेंतील सिलिका त्याला धरून त्याचाही बंध बनविते. कॅलिफोर्निया विद्यापीठांत रेमंड डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेले यासंबंधींचे प्रयोग १९३७ सालीं प्रसिद्ध झाले, आणि पुढें अमेरिकेंतील हंग्री हॉर्स धरणांत राख मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. महाराष्ट्रांत अकोले तालुक्यांतील घाटघरच्या धरणांत सिमेंटाहून राखच अधिक आहे. यांत दुसराही लाभ आहे. चुनखडी सुमारें १४५० अंशांपर्यंत भाजून क्लिंकर करतात, आणि एक टन क्लिंकरामागें आठशें किलोंहून अधिक कार्बन डायॉक्साइड हवेंत जातो. भारतीय मानकानुसार राखमिश्रित सिमेंटांत शेंकडा १५ ते ३५ राख चालते. जेवढी राख तेवढें क्लिंकर वांचलें.

क्लिंकर दळण्याच्या कारखान्यांत वारा पुन्हां कामाला येतो. गिरणींतून निघालेलें पीठ सेपरेटरांत उडवितात. तेथें फिरता पिंजरा जाड कणांना बाहेर फेंकतो, आंत ओढणारा वारा बारीक कणांना घेऊन जातो. जाड कण पुन्हां दळणास परततात. उपणणीच ही, फक्त वाऱ्याची वाट पाहावी लागत नाहीं. राखमिश्रित सिमेंट इतकें बारीक असावें लागतें कीं एका किलोंतील कणांचा पृष्ठभाग निदान ३०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ तीन गुंठे भरावा. एका पोत्याचा हिशेब साडेतीन एकरांवर जातो. काम आटोपलेला वारा कापडी पिशव्यांतून गाळून मगच बाहेर सोडतात. विणकरांच्या सोलापुरास नवल वाटेल, पण नव्या कोऱ्या पिशवीपेक्षां थोडी धूळ बसलेली पिशवी अधिक चांगली गाळते. तो धुळीचा थरच खरी गाळणी.

धुराड्याचा बंदोबस्त झाला म्हणजे सर्व झालें, असें मात्र नाहीं. वापराविना उरलेली राख पाण्याबरोबर तळ्यांत सोडतात. तें तळें सुकूं दिलें, किंवा राखेची गाडी ताडपत्रीवांचून रस्त्यावर आणली, तर लाखों रुपयांच्या यंत्रानें धरलेला कण मे महिन्यांतील एका वावटळीनें पिकांवर आणि घरांत जातो. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनें वीजकेंद्रांवर सर्व राख उपयोगांत आणण्याचें बंधन घातलें आहे. तें उचितच, पण राख ओली ठेवणें आणि गाडी झांकणें यांस कोणत्याही संशोधनाची वाट पाहावी लागत नाहीं.

घर बांधणाऱ्यांकडेही या राखेचें एक काम उरतें. चुना व राख यांची क्रिया सावकाश चालते आणि तिला पाणी लागतें. म्हणून भारतीय मानक ४५६ प्रमाणें साध्या सिमेंटाचें काँक्रीट सात दिवस भिजवावें, राखमिश्रित सिमेंटाचें निदान दहा. आणि हवा कोरडी व उष्ण असेल तर चौदा दिवसांची शिफारस आहे. सोलापूरकडचा उन्हाळा या शेवटल्या वर्गांतला. गवंडी आठव्या दिवशीं पाणी बंद करूं लागला तर त्याला आणखी सहा दिवस पोतीं ओलीं ठेवण्यास सांगावें.