देखणे पट, जुने डाव

सुटीच्या दुपारी मुले घरात असली की त्यांना कशात गुंतवावे, हा प्रश्न बहुतेक आईवडिलांपुढे उभा राहतो. टीव्ही झाला, मोबाइल झाला, मग कपाटावरून कोपरे फाटलेला लुडोचा पुठ्ठा खाली येतो. दोन डाव होतात आणि मुले कंटाळतात. मात्र याच लुडोचा पूर्वज एके काळी घरातली जपून ठेवण्याजोगी, देखणी वस्तू होती, हे किती जणांना ठाऊक असते?

तो पूर्वज म्हणजे आपला सारीपाट. अधिकच्या चिन्हासारखा आकार, चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात 24 घरे आणि चार रंगांच्या 16 सोंगट्या. हा पट कापडाचा असे. त्यावर भरतकाम केलेले असे, ठरावीक घरांवर फुले किंवा फुल्या काढलेल्या असत. डाव मोडला की सोंगट्या पटातच गुंडाळायच्या आणि गाठोडे फडताळात ठेवून द्यायचे. 1896 साली इंग्लंडमध्ये याच खेळाच्या सोप्या रूपाचे पेटंट 'लुडो' या नावाने घेतले गेले. पुढे तो छापील पुठ्ठ्यावर आपल्याकडे परत आला. खेळ परतला, पण भरतकाम काही परतले नाही.

बंगळूरमध्ये काय चालले आहे?

संगणकाचे शहर म्हणून नावाजलेल्या बंगळूरमध्ये हे जुने पट पुन्हा घरोघरी पोहोचवण्याचा प्रयत्न होत आहे. तेथील एका संस्थेने आपले नावच 'कवडे' ठेवले आहे. कन्नडमध्ये कवडे म्हणजे आपली कवडी. ही संस्था पारंपरिक खेळांचे कापडी पट तयार करते आणि ते लोकांना खेळायलाही शिकवते. म्हैसूरचे रामसन्स कला प्रतिष्ठान 'क्रीडा कौशल्य' या नावाने अशा खेळांची प्रदर्शने भरवत आले आहे.

या पटांतले बरेच खेळ मराठी घरांना परके नाहीत. कन्नडमधला 'पगडे' म्हणजे आपला सारीपाट. 'आडु हुली' म्हणजे वाघबकरी. 'चौकाबारा' हा खेळ आपल्याकडे काही भागांत 'चल्लस आठ' म्हणून खेळतात. म्हैसूरकडे चौकाबाऱ्याला 'कट्टे मने' असेही म्हणतात. कट्टे म्हणजे आपला कट्टा, मने म्हणजे घर. कट्ट्यावर बसलेल्या सोंगटीला कोणी मारू शकत नाही.

हौशी राजा

या भागात खेळांना राजाश्रयही लाभला होता. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार (1794 ते 1868) खेळांचे मोठे शौकीन होते. बुद्धिबळाचा घोडा 64 घरांतून एकेकदाच कसा फिरवावा, याची कोडी त्यांनी रचली. त्यांच्या 'श्रीतत्त्वनिधी' या ग्रंथातल्या 'कौतुकनिधी' भागात खेळांची माहिती आहे. म्हैसुरी गंजिफाचे त्यांनी रचलेले काही डाव तर तीनशेहून अधिक पानांचे आहेत.

चित्र म्हणजे नुसती शोभा नव्हे

ही सजावट केवळ हौसेपोटी होती का? नाही. पटावरचे चित्र खेळणाऱ्याला नियम सांगत असे. फुलीचे घर दिसले की येथे सोंगटी सुरक्षित, हे लहान मूलही ओळखते. वाघबकरीच्या पटावरच्या रेघा म्हणजेच वाघाच्या वाटा. रेघ नाही, तेथे वाट नाही.

सापशिडीचे उदाहरण तर बोलके आहे. तिच्या जुन्या रूपाला आपण मोक्षपट म्हणतो आणि त्याचे नाते ज्ञानदेवांशी सांगितले जाते. वैष्णवांचे 72 घरांचे पट, जैनांचे 84 घरांचे पट आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्यांत प्रत्येक घराला नाव असते. शिडी सद्गुणाच्या घरातून वर जाते, तर अहंकार, लोभ अशा घरांत साप जबडा उघडून बसलेले असतात. दक्षिणेत वैकुंठ एकादशीच्या जागरणाला हा खेळ खेळण्याची प्रथा आहे. आजच्या छापील सापशिडीत घरांची नावे गेली, आकडे तेवढे उरले. आपली सोंगटी कशामुळे घसरली, हे आता मुलांना कळत नाही.

भिंतीवर की जमिनीवर?

याउलट धोका सावंतवाडीच्या गंजिफात दिसतो. लाखकामाने चमकणारी ती गोल पाने नामशेष होण्याच्या वाटेवर होती. 1970च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी चितारी कारागिरांना हाताशी धरून ही कला जगवली. आज परगावचे पाहुणे ती पाने हौसेने विकत घेतात, पण त्यांचा डाव मांडू शकणारे फार थोडे. कला वाचली, खेळ मात्र चौकटीत जाऊन बसला.

म्हणूनच बंगळूरच्या प्रयत्नाचे मोल वाटते. तेथे पटाबरोबर खेळही शिकवला जातो. सोंगट्या घासल्या, हरवल्या तरच नव्या लागतील आणि नव्या लागल्या तरच कारागिराला काम मिळेल. बंगळूरहून सुमारे 60 किलोमीटरवरच्या चन्नपट्टणात काळ्या कुड्याचे लाकूड चरकावर फिरवून त्यावर लाखेचे रंग चढवतात आणि केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. अशा हातांना केवळ शोकेसच्या वस्तूंवर किती दिवस काम मिळणार?

घरीच करा चौकाबारा

हा पट घरी करणे अगदी सोपे आहे. मांजरपाटाचा हातभर चौरस तुकडा घ्या. त्यावर पाच ओळी, पाच रांगा अशी 25 घरे आखा. चारही कडांच्या मधल्या घरात आणि अगदी मध्यावरच्या घरात फुली काढा. फुल्या टाक्यांनी भरल्या तर अधिक खुलतात. कडेची घरे मुलांना त्यांच्या आवडीने रंगवू द्या.

प्रत्येकाने आपल्यासमोरच्या फुलीवरून चार सोंगट्या चालवायच्या. दान चार कवड्यांनी टाकायचे. जितक्या कवड्या उताण्या, तितकी घरे. चारही उताण्या पडल्या तर चौका म्हणजे चार, चारही पालथ्या पडल्या तर बारा. हे नाव बारा असले तरी चालायची घरे आठच! या दोन्ही दानांना आणखी एक दान मिळते. बाहेरची फेरी घड्याळाच्या उलट दिशेने, आतली सुलट आणि शेवटी मधले घर. पण प्रतिस्पर्ध्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आत प्रवेश नाही.

आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना आधी विचारा. त्यांचे नियम थोडे निराळे निघतील, तेच पटामागे लिहून ठेवा. आणि पट तयार झाला की तो भिंतीवर टांगू नका, सतरंजीवर पसरा.