कोणती चॅनेल एकत्र गेली?

टीव्हीवरचं एखादं चॅनेल दिसेनासं झालं की डिशवाल्याला फोन जातो आणि पलीकडून ठरलेला प्रश्न येतो, "कुठलं चॅनेल गेलं?" हा प्रश्न थोडा बदलून घ्यावा. कोणती चॅनेल एकत्र गेली, आणि त्याच वेळी कोणती शाबूत राहिली? कागदावर दोन रकाने करून ही नावं लिहिली, तर बिघाड गच्चीवर आहे, वायरीत आहे, बॉक्सात आहे की घराबाहेरच आहे, याचा बराचसा उलगडा खुर्चीतून न उठता होतो. कारण डिजिटल टीव्हीत चॅनेल एकेकटं हवेतून येत नाही. ते गटाने येतं आणि बहुतेकदा गटानेच जातं.

हे आधी असं नव्हतं. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढे वरळीचा सुमारे ३०० मीटर उंचीचा मनोरा उपनगरांच्या अँटेनांचं लक्ष्य झाला. अंधेरी आणि घाटकोपर तिथून सरळ रेषेत साधारण १२ किलोमीटरवर, मुलुंड आणि बोरिवली बावीस ते पंचवीस किलोमीटरवर. एवढ्या उंचीवरून निघालेल्या लहरींना पृथ्वीची वक्रता सत्तर किलोमीटरपर्यंत आड येत नाही. आड येत होत्या त्या टेकड्या आणि इमारती. वरळीहून थेट येणारी लहर आणि एखाद्या इमारतीवर आपटून दीड किलोमीटर जास्त फिरून आलेली लहर यांच्यात पाच मायक्रोसेकंदांचं अंतर पडतं. पडद्यावरची एक ओळ रंगवायला ५२ मायक्रोसेकंद लागत, म्हणून २१ इंची टीव्हीवर मूळ निवेदिकेच्या उजवीकडे चार सेंटिमीटरवर तिची फिकट जुळी बहीण दिसे. घाटकोपरला विमान उतरायला खाली आलं की चित्र लाटेसारखं हलायचं, कारण विमानाच्या पत्र्यावरून परतणारी लहर क्षणाक्षणाला बदलत होती. म्हणजे बिघाड डोळ्यांना दिसत होता. मुंग्या वाढल्या की लोक अँटेना फिरवायला गच्चीवर जायचे आणि खालून "आलं, आलं, थांब!" अशी हाक यायची.

फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने देशातल्या सोळा शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीचं जमिनीवरून होणारं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. महाराष्ट्रातून मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद त्यात होतं. तंत्र म्हणून ते फार देखणं आहे. एकाच लहरीवर माहिती भरधाव पाठवण्याऐवजी ती हजारो बारीक लहरींवर वाटून, प्रत्येकीवर सावकाश पाठवली जाते. माहितीचा एकेक तुकडा हवेत जवळजवळ एक मिलिसेकंद, काही मांडण्यांत साडेतीन मिलिसेकंद रेंगाळतो. त्यापुढे पाच मायक्रोसेकंद उशिरा आलेला प्रतिध्वनी नगण्य ठरतो, आणि जुळी बहीण गायब होते. एकाच कंप्रतेवर दूरदर्शनची पाच चॅनेल बसली. पण ती पकडणारा ट्यूनर आपल्याकडच्या बहुतेक टीव्हींमध्ये नव्हता आणि स्वस्त बॉक्स दुकानादुकानांत पोचले नाहीत. चांगली सोय लोकांच्या घरापर्यंत आलीच नाही, याची मला आजही खंत वाटते. दूरदर्शनचे जुने अॅनालॉग ट्रान्समीटर मार्च २०२२ पर्यंत मोजके अपवाद वगळता बंद करायचे ठरले. आज उपनगरात दरमहा पैसे न भरता टीव्ही बघायचा तर बहुतेकांसाठी एकच रस्ता उरतो, डिसेंबर २००४ मध्ये ३३ चॅनेल घेऊन सुरू झालेली आणि आता डीडी फ्री डिश नावाने चालणारी दूरदर्शनची छत्री.

छत्री असो की अँटेना, आतली रचना सारखीच. अनेक चॅनेलचा एक गठ्ठा बांधून तो एका कंप्रतेवर चढवतात. लोकलचं उदाहरण घ्या. बोरिवलीची गाडी रद्द झाली तर तिच्यातले सगळेच प्रवासी खोळंबतात. पण गाडी वेळेवर आली, चौघे उतरले आणि पाचवा तेवढा दिसत नाही, तर दोष रुळांचा नसतो. म्हणून एकाच गठ्ठ्यातली सगळी चॅनेल गेली तर त्या कंप्रतेच्या वाटेत अडथळा आहे, आणि एकच गेलं तर छत्रीला हात लावू नये.

एकटं चॅनेल का जातं? सर्वांत साधं कारण म्हणजे त्याची जागा बदलली. फ्री डिशवरच्या खासगी चॅनेलच्या जागा लिलावाने ठरतात आणि नव्या वाटपानंतर, बहुधा १ एप्रिलच्या सुमाराला, बरीच उलथापालथ होते. बॉक्सने मात्र मागे कधीतरी स्कॅन करून साठवलेली यादीच धरून ठेवलेली असते. पुन्हा पूर्ण स्कॅन मारला की चॅनेल नव्या ठिकाणी सापडतं. दुसरं कारण म्हणजे काही चॅनेल एमपीईजी-४ पद्धतीने येतात आणि जुन्या बॉक्सला फक्त एमपीईजी-२ उलगडता येतं. अशा बॉक्सवर ती चॅनेल कितीही स्कॅन मारला तरी दिसणार नाहीत किंवा नुसता आवाज येईल. केबलच्या बॉक्सवर तिसरं कारण असतं. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक ट्रायच्या नव्या दररचनेत चॅनेल निवडून घ्यावी लागतात, तेव्हा गेलेलं चॅनेल आपल्या पॅकमध्ये आहे का, हे आधी बघावं. या तिन्हींत गच्ची चढायची गरज नाही, आणि छत्रीच्या टोकाशी लहर पकडणारा डबा, म्हणजे एलएनबी, नवा घेण्याची तर अजिबात नाही.

गट जातो तेव्हा मात्र लहरींकडे वळावं लागतं. पण त्याआधी एक विचित्र वाटणारी गोष्ट समजून घ्यायला हवी. सिग्नल हळूहळू कमी होत असतो, तरी चित्र महिनोन् महिने लख्ख राहतं आणि मग एका संध्याकाळी चौकोनी तुकडे होऊन बंद पडतं. हे दुरुस्ती-संकेतांमुळे होतं. पाठवताना माहितीबरोबर जादा अंक पाठवतात आणि त्यांच्या आधारे बॉक्स बिघडलेले अंक ओळखून नीट करतो. डीव्हीबी-टी२मध्ये वापरलेला यातला एक संकेत रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० च्या सुमारास एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात मांडला होता. त्या काळच्या यंत्रांना ती आकडेमोड झेपणारी नव्हती, म्हणून तो तीसेक वर्षं अडगळीत पडला. हा संकेत इतका कार्यक्षम आहे की मर्यादेपर्यंत चुकांचा मागमूस लागू देत नाही आणि मर्यादा ओलांडली की सगळं एकदम कोसळतं. जुन्या टीव्हीवरच्या मुंग्या आपल्याला आगाऊ सूचना देत होत्या. डिजिटलमध्ये ती सूचना बॉक्सच्या मेनूतल्या दोन पट्ट्यांतच मिळते, एक ताकदीची आणि एक दर्जाची.

ताकदीची पट्टी लोकांना फसवते. कुठूनही, कसलीही ऊर्जा आली तरी ती भरते. दर्जाची पट्टी आलेल्या अंकांत किती गोंधळ आहे ते सांगते. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे आणि जेमतेम दीड अंशावर, ९५ अंशांना, दुसऱ्या सेवेचा उपग्रह आहे. जोराच्या वाऱ्याने छत्री तिकडे सरकली तर ताकद भरपूर दिसते, दर्जा शून्य आणि चॅनेल एकही नाही. साठ सेंटिमीटरच्या छत्रीला दीड अंश म्हणजे कडेला फक्त दीड सेंटिमीटर हलणं, आणि तेवढ्यानेही हव्या त्या सिग्नलची शक्ती निम्मी होते. पावसाळ्यात गंजलेला एक बोल्ट सैल झाला की एवढं सहज होतं.

पण सगळी चॅनेल न जाता दोन-तीन गठ्ठेच गेले असतील, तर माझा पहिला संशय वायरीवर. छत्रीच्या टोकाशी असलेला एलएनबी आकाशातली ११,०९० मेगाहर्ट्झची लहर ९,७५० ने कमी करून १,३४० वर आणतो आणि मग ती वायरीतून खाली सोडतो. प्रत्येक गठ्ठा खाली वेगळ्या कंप्रतेवर उतरतो, आणि कंप्रता जितकी जास्त तितकी वायरीतली गळती जास्त. त्यामुळे वायर खराब होऊ लागली की वरच्या कंप्रतेचे गठ्ठे आधी बळी पडतात. बॉक्सचा प्लग काढा, कारण एलएनबीला वीज याच वायरीतून जाते, आणि मग एलएनबीकडची पिन फिरवून उघडा. मधली तांब्याची तार चकचकीत लालसर हवी. आपल्या खाऱ्या हवेत तिच्यावर हिरवट कळंक चढतो. भोवतीच्या जाळीला पांढरी भुकटी लागलेली असेल तर पाणी आत शिरलेलं आहे, आणि ते जाळीच्या आडून वायरीत पुढेपर्यंत ओढलं जातं. अशा वेळी चांगला भाग लागेपर्यंत वायर कापून नवी पिन बसवावी, मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर दोनेक मिलिमीटर राहील असं बघावं, जोडावर रबरी टेप गुंडाळावी. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. जाळी तुटलेली असेल तर आणखी एक त्रास होतो. १,८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारे मोबाइल सिग्नल वायरीत घुसतात आणि तिथे बसलेला नेमका एक गठ्ठा खातात.

आडवं आणि उभं अशा दोन्ही ध्रुवीकरणांवर चॅनेल देणाऱ्या सेवेत बरोबर अर्धी चॅनेल गेली, तर विजेचा दाब तपासावा. बॉक्स १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा एलएनबी एक बाजू घेतो आणि १८ पाठवतो तेव्हा दुसरी. कळकलेल्या जोडावर व्होल्ट गळाले की वरपर्यंत १८ पोचत नाहीत आणि एलएनबी पहिल्याच बाजूला अडकून राहतो.

कधी कधी दोष खरंच आपला नसतो. ७ जुलै २०१० रोजी याच ९३.५ अंशांवरच्या इन्सॅट-४बी उपग्रहाच्या एका सौरपंखाच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि गठ्ठे खाली पाठवणाऱ्या २४ पैकी १२ ट्रान्सपॉन्डर बंद करावे लागले. तेव्हा गच्चीत छत्री फिरवणाऱ्यांच्या हाती काहीच लागणार नव्हतं. म्हणून शेजाऱ्याकडे तीच चॅनेल दिसतात का, हे विचारणं ही तपासणीतली पहिली आणि सर्वांत स्वस्त पायरी.

आता उपनगरातला सर्वांत नवा त्रास, पुनर्विकासाचा. मुंबईतून जीसॅट-१५ आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंच दिसतो. छत्री मात्र तितकी वर बघताना दिसत नाही, कारण तिचा एलएनबी मध्यापासून खाली सरकवलेला असतो आणि ती वीस-पंचवीस अंश कमी कललेली वाटते. म्हणून "समोर तर मोकळं आहे" हा नुसत्या डोळ्यांनी काढलेला अंदाज चुकतो. हिशोब असा की आग्नेयेला वीस मीटरवर उभी राहिलेली इमारत आपल्या छत्रीपेक्षा तीस मीटरहून जास्त उंच गेली, की उपग्रह तिच्याआड जातो. साधारण दहा मजले. स्लॅबमागून स्लॅब पडत असतात, चित्र रोज लख्ख असतं, आणि एक दिवस सगळी चॅनेल एकदम जातात.

वाट मोकळी आहे का हे बघायला यंत्र लागत नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अकराच्या थोडं आधी, सूर्य मुंबईतून बघताना बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्याच्या रेडिओ गोंगाटाने काही मिनिटं चित्र तुटतं, ते आपोआप परत येतं आणि त्यासाठी कुणाला बोलवायची गरज नसते. त्याच वेळी गच्चीत जावं. छत्रीवर ऊन पडलेलं असेल तर उपग्रह आणि छत्री यांच्यामध्ये काही नाही, बिघाड वायरीत किंवा बॉक्सात शोधावा. छत्री नव्या टॉवरच्या सावलीत असेल तर वायर, एलएनबी, बॉक्स यांवर पैसे घालवू नयेत. गच्चीचा जो कोपरा त्या क्षणी उन्हात आहे, तिथे खडूने खूण करून छत्री हलवावी.