मोटारसायकलवरील तापमापक : आकड्याचा खरेपणा सेन्सरच्या जागेवर अवलंबून

लडाख, स्पितीसारख्या उंच प्रदेशांतील खडकाळ वाटांवर जाणारे अनेक मोटारसायकलस्वार मूळ गाडीत नसलेले तापमापक आणि व्होल्टमीटर स्वतंत्रपणे बसवून घेतात. हँडलवरील तबकडी हा या जोडणीचा सर्वांत सोपा भाग होय. तिच्यावरील आकडा विश्वासार्ह आहे की नाही, हे मुख्यतः सेन्सर कोठे आणि कसा बसवला आहे यावर ठरते.

उंचीवर धोका का वाढतो?

चढणीवर किंवा ओढ्यातील गोट्यांवरून जाताना इंजिनावर भार अधिक आणि समोरून येणारा वारा कमी असतो. विरळ हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमताही घटलेली असते. समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळणारे पाणी खारदुंग ला खिंडीत, सुमारे ५,३०० मीटर उंचीवर, ८२ अंशांच्या आसपास उकळते. कूलंट आणि रेडिएटरचे दाब राखणारे झाकण यांमुळे उकळण्याची मर्यादा बरीच वाढते. मात्र झाकण निकामी असल्यास दाबाचे हे संरक्षण उरत नाही.

सेन्सरची योग्य जागा

कूलंटवर थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटरच्या नळीत धातूचा जोड घालून सेन्सर बसवता येतो. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारी गरम नळी त्यासाठी योग्य. परतीच्या नळीत थंड झालेल्या द्रवाचेच तापमान कळते. रबरी नळीमुळे हा जोड गाडीच्या धातूपासून विलग राहतो. त्यामुळे एकाच वायरच्या सेन्सरसाठी जोडाला स्वतंत्र अर्थिंग द्यावे लागते. कूलंट पुन्हा भरल्यावर आत अडकलेली हवा काढणेही आवश्यक असते.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात स्पार्क प्लगखाली कड्याच्या आकाराचा सेन्सर बसवतात. तो धातूचे तापमान मोजतो. त्याचा आकडा कूलंटच्या तापमानापेक्षा बराच अधिक असल्याने दोहोंची तुलना करता येत नाही.

आकडा घसरला तरी सावधान

दगड लागून रेडिएटर फुटला आणि कूलंट वाहून गेले, तर सेन्सर कोरडा पडतो. अशा वेळी इंजिन तापत असतानाही आकडा खाली येऊ शकतो. म्हणून चालत्या गाडीत तो अचानक घसरल्यास थांबून इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये.

वायरिंगची काळजी

तबकडीला इग्निशन सुरू असतानाच वीज मिळावी आणि मध्ये योग्य क्षमतेचा फ्यूज असावा. वायर सायलेन्सरच्या नळीपासून दूर ठेवावी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती ताणली जात नाही, हे पाहावे. १२ व्होल्टच्या बहुतेक गाड्यांत चालू इंजिनावर व्होल्टमीटर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखवतो. मूळ वायरिंग कापल्यास वॉरंटीचा प्रश्न उद्भवू शकतो.

प्रवासापूर्वी नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवून सर्वसाधारण आकडे नोंदवून ठेवावेत. डोंगरातील बिघाड त्यांच्याशी तुलना केल्यावरच वेळेत ओळखता येतो.