फुकटचा कोरल? नाही रे, तो एप्टेशिया आहे!

मागच्या एपिसोडनंतर एकाने फोटो पाठवला. त्याच्या रीफ टँकमधल्या लाइव्ह रॉकवर नारळाच्या झाडासारखं, तपकिरी, काचेसारखं आरपार दिसणारं काहीतरी उगवलं होतं. खाली प्रश्न, "दादा, फुकटचा कोरल आला का?"

नाही रे. हा एप्टेशिया, सी-अॅनिमोनीच्या म्हणजे समुद्रफुलांच्या कुळातला. दिसायला गोड, पण शेजारच्या कोरलला डंख मारून जागा बळकावतो. खडकासोबत किंवा नव्या कोरलसोबत चिकटून येतो.

माझ्या टँकमध्ये पहिला दिसला तेव्हा मी काय केलं? चिमट्याने ओढला! तो सर्रकन भोकात शिरला, अर्धा तुटून हातात आला. काही आठवड्यांनी त्याच जागी अख्खी वाडी उभी. कारण याच्या बुडाचा बारीकसा तुकडा जरी खडकावर राहिला तरी त्यातून नवा एप्टेशिया तयार होतो. म्हणजे खरवडणं, कापणं, चिरडणं हे सगळं त्याची लागवड करण्यासारखंच.

मग काहीजण म्हणतात, खडकच बाहेर काढून उकळू. थांबा! हे अजिबात नको. त्याच खडकावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ असतील तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असू शकतं. उकळून ते नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर श्वासात जातं. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये टँक साफ करताना असंच विष पसरलं आणि अख्खं कुटुंब हॉस्पिटलमध्ये पोचलं. मासे राहिले बाजूला, इथे घरच्यांच्या जिवाशी खेळ होतो.

दोन-चारच असतील तर कल्कवासर वापरा. नाव जर्मन, पण माल ओळखीचा: चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. (पानाच्या डबीतला नको हं, अॅक्वेरियमसाठी मिळणारी शुद्ध पावडरच घ्या.) थोड्या पाण्यात घट्ट कालवायचा, पंप बंद करायचे आणि सिरिंजने हळूच, तो मिटायच्या आत, थेट तोंडावर सोडायचा. एका वेळी दोन-तीनच, नाहीतर पाण्याचा पीएच भसकन वर जातो. हातमोजे आणि गॉगल हवेतच, चुना डोळ्यात गेला तर खेळ नाही.

जास्त असतील तर खाणारा आणा. पेपरमिंट श्रिम्प स्वस्तात पडतो, पण लहरी. एखादा खातो, एखादा ढुंकूनही बघत नाही. शिवाय दुकानात त्याच्या नावाखाली कॅमल श्रिम्प गळ्यात मारतात, आणि तो कोरलच खातो! पाठीला कुबड आणि अंगावर लाल-पांढरी नक्षी दिसली की परत करा. कॉपरबँड बटरफ्लाय मासाही खातो, पण तो नाजूक. नवख्याने त्याच्या नादी लागू नये.

माझं मत विचाराल तर बर्गिया. ही बिनशंखाची इवलीशी समुद्री गोगलगाय एप्टेशियाशिवाय दुसरं काहीच खात नाही. रात्री फिरते, त्यामुळे पहिले काही आठवडे वाटतं पैसे पाण्यात गेले. धीर धरा. मात्र टँकमध्ये रास किंवा तुमचा पेपरमिंट श्रिम्प असेल तर तेच तिला मटकावतील.

आणि हो, तोवर माशांना खाणं बेताने घाला, उरलेलं एप्टेशियाच खातो. शेवटचा एप्टेशिया संपला की बर्गिया उपाशी मरतात. तेव्हा त्या आधीच काढून दुसऱ्या रीफवाल्या मित्राला देऊन टाका. माझ्याही अशाच एकाकडून आल्या होत्या.